मेलेल्या फायटरचा झॉम्बी झाला, झॉम्बी फोडला, आता रेज डेड चालेल का?

वीसमुखी_फासा:

नमस्कार मंडळी, शनिवारच्या सेशनच्या आत उत्तर हवंय म्हणून घाईत लिहितोय, टायपो सांभाळून घ्या. मी डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) आहे, डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा कथा-खेळ) पाचवी एडिशन, अजून २०१४ चीच पुस्तकं चालू आहेत कारण २०२४ ची घ्यायची म्हटलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. कॅम्पेन (आमची चालू गोष्ट) फॉरगॉटन रेल्म्स या खेळातल्या काल्पनिक जगात, सोर्ड कोस्टवर. पाच जणांचा ग्रुप, तिघं पुण्यात माझ्या घरी, एक बंगळूरहून आणि एक टोरांटोहून लॅपटॉपवर, आमची रात्र त्याची सकाळ.

तर झालं असं की आमचा फायटर, नाव धोंडू आयर्नफिस्ट (मी ठेवलेलं नाही), मीअर ऑफ डेड मेनच्या दलदलीत मेला. नेक्रोमॅन्सरशी (प्रेतं उठवणारा जादूगार) मारामारी चालू होती, तीन डेथ सेव्ह (मरण टाळायचे फासे) गेले, क्लेरिक (देवाच्या नावाने जादू करणारी पुजारीण) तिकडे लांब चिखलात रुतलेली, रिव्हिव्हिफायला (लगेच उठवायचा स्पेल, म्हणजे मंत्र) एक मिनिट मिळतो म्हणजे दहा राउंड, ते पण गेले, आणि बाकीच्यांना जीव वाचवून पळावं लागलं. बॉडी तिथेच राहिली. आता एवढा आयता मसाला मिळालाय तर सोडायचा कशाला म्हणून गेममधल्या चार दिवसांनी हे लोक परत गेले तेव्हा धुक्यातून धोंडूच झॉम्बी होऊन समोर आला, स्वतःच्याच चिलखतात, ढालीवर ह्यांनीच रंगवलेला कोंबडा. टेबल एकदम गार. धोंडूचा प्लेयर कॅमेऱ्यासमोर तोंडावर हात ठेवून बसलेला. डीएम म्हणून माझा आजवरचा बेस्ट क्षण, खरं सांगतो.

मग त्यांनी झॉम्बी पाडला. पाडला म्हणजे काय, झॉम्बीला हिट पॉइंट फक्त २२ पण ते अनडेड (मेलेला पण चालता-फिरता) फॉर्टिट्यूड असतं ना, शून्यावर गेला की कॉन्स्टिट्युशन सेव्ह, पास झाला की एका हिट पॉइंटवर परत उभा, तर तो तीनदा उठला आणि शेवटी बार्बेरियनने वैतागून क्रिटिकलमध्ये मुंडकंच उडवलं. आता सगळं गोणीत भरून वॉटरडीपला निघालेत. मेल्यापासून आज सातवा दिवस, वॉटरडीप अजून दोन दिवसांवर, तिथे ५०० गोल्डचा हिरा घ्यायचा आणि क्लेरिक नुकतीच नवव्या लेव्हलला पोचलीय तर तिने रेज डेड (मेलेल्याला जिवंत करायचा स्पेल, हिरा त्यालाच लागतो) मारायचा असा प्लॅन.

भांडण इथून सुरू. आमचा विझर्ड खऱ्या आयुष्यात वकील आहे, तो म्हणतो स्पेलमध्ये स्वच्छ लिहिलंय की अनडेडला या स्पेलने जिवंत करता येत नाही, धोंडू अनडेड झाला होता, विषय संपला. क्लेरिक म्हणते होता, आता नाहीये, आता नुसतं प्रेत आहे. बार्बेरियनचा प्रश्न वेगळाच, दहा दिवस मोजायचे कधीपासून, धोंडू मेला तेव्हापासून की झॉम्बी 'मेला' तेव्हापासून? आणि मला स्वतःला छळणारा प्रश्न असा की झॉम्बी फिरत होता तेव्हा धोंडूचा आत्मा होता कुठे, आतच कोंडलेला की वर गेलेला, कारण आत असेल तर परत आल्यावर त्याला त्या दिवसांच्या आठवणी देता येतील. दीड तास यावर गेला, शेवटी बायकोने येऊन हॉलचा लाइट बंद केला.


खडूस_डीएम:

चालेल.

आता कारण. रेज डेड विचारतो काय, समोर मेलेला जीव आहे का, मरून दहा दिवसांच्या वर झालेले नाहीत ना, आत्मा यायला तयार आणि मोकळा आहे का. वर एक अट, की अनडेडला तो जिवंत करत नाही. तुमच्या गोणीत आत्ता जे आहे ते उठून चावतंय का? नाही. मग ते अनडेड नाही. वकीलसाहेबांना म्हणावं 'आहे' आणि 'होता' यात फरक असतो हे तुम्हाला आम्ही सांगायचं का. आणि दिवस धोंडूच्या मरणापासूनच मोजायचे, कारण परत आणायचंय धोंडूला, झॉम्बीला नाही. नवव्या दिवशी वॉटरडीप, बसतंय.

फक्त नवव्या दिवसावर भरवसा ठेवू नका, आज रात्रीच जेंटल रिपोज (प्रेत टिकवणारा स्पेल) मारायला सांगा. दुसऱ्या लेव्हलचा आहे, रिच्युअल म्हणून केला तर स्लॉट (दिवसाचा स्पेलचा कोटा) पण जात नाही, प्रेताच्या दोन्ही डोळ्यांवर एकेक तांब्याचं नाणं आणि चिमूटभर मीठ बस. दहा दिवस चालतो आणि ते दिवस मोजणीत धरलेच जात नाहीत, शिवाय तोवर त्या प्रेताला कोणी अनडेड करू शकत नाही. पळताना बॉडी खांद्यावर टाकून पळाला असतात आणि त्याच रात्री हे केलं असतंत तर हा धागाच निघाला नसता.


उकडीचा_ऑर्क:

डोळ्यांवर नाणी ठेवायची तर मुंडकं कुठल्या गोणीत आहे ते आधी बघा हाहाहा

बाकी आपल्या शुक्राचार्यांना हिरे-बिरे काही लागत नव्हते. कचाला मारून लांडग्यांना घातलं तरी संजीवनी मंत्राने लांडग्यांची पोटं फोडून बाहेर, शेवटी तर दैत्यांनी जाळून राख दारूत कालवली आणि खुद्द गुरुजींनाच पाजली, तरी उठला. शरीरच शिल्लक नाही तरी चालतंय म्हणजे तो सरळ ट्रू रिझरेक्शन झाला, नवव्या लेव्हलचा, २५,००० गोल्डचे हिरे. आणि गुरुजी फुकटात मारत होते.


जुनी_पोथी:

खडूसचं २०१४ पुरतं बरोबर आहे पण तुमच्या टेबलावर वाद झाला यात त्या वकिलाची चूक नाही, ती त्या वाक्याची चूक आहे, आणि ते वाक्य असं लुळं का आहे ते कळायला जरा मागे जावं लागेल.

आम्ही ३.५ खेळायचो (डी अँड डीची जुनी एडिशन, २००३ ची) तेव्हा यावर कोणी भांडायचंच नाही. रेज डेडमध्ये सरळ लिहिलेलं की ज्याचा अनडेड केला गेलाय किंवा जो डेथ इफेक्टने (थेट जीव घेणाऱ्या जादूने) मेलाय तो या स्पेलने उठत नाही, आणि त्याच्या वरच्या रिझरेक्शनमध्ये तितकंच सरळ लिहिलेलं की अनडेड होऊन मग नष्ट झालेला यातून उठतो. म्हणजे जिन्याच्या पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीला ५००० चा हिरा, दुसरीला १०,०००, तिसरीला २५,०००, आणि धोंडू सरळ दुसऱ्या पायरीवर गेला असता. शिवाय पहिल्या दोन पायऱ्यांनी परत आलं की एक लेव्हल कापली जायची, त्यामुळे मेलेला माणूस परत आला की टेबलावर आनंद कमी आणि खोडरबर जास्त. पाचवी आली तेव्हा सगळं सुटसुटीत करायच्या नादात पायऱ्या राहिल्या पण त्यांच्यावरच्या पाट्या पुसल्या गेल्या. हिरे ५०० आणि १००० वर आले, २५,००० तेवढा तसाच राहिला, लेव्हल कापणं जाऊन उणे चार आलं (अटॅक, सेव्ह, अॅबिलिटी चेक, आणि दर लाँग रेस्टला एकाने कमी, म्हणजे चार रात्री झोपला की धोंडू ठणठणीत), आणि अनडेडबद्दल हे एक वाक्य उरलं ज्याचे दोन्ही अर्थ लागतात.

अजून मागे, एडी अँड डी मध्ये (त्याहून जुनी एडिशन) तर उठवणं म्हणजे जुगार होता. कॉन्स्टिट्युशनवरून टक्केवारी काढायची, १० असेल तर ७५ टक्के, म्हणजे चारातला एक जण उठवताना कायमचा जायचा, आणि उठला तरी कॉन्स्टिट्युशनमधला एक पॉइंट गेलाच. एल्फला तर रेज डेड लागूच पडत नसे. हॉस्टेलवर आमच्याकडे एकच झेरॉक्स कॉपी होती आणि तीही कोणाची तरी तिसऱ्या पिढीची, आकडे पुसट, त्यामुळे हे एल्फचं आम्हाला माहीतच नव्हतं, मी दोन वर्षं एक एल्फ खेळलो, तीनदा मेला, तीनदा उठवला, आणि मग मुंबईहून एक जण खरं पुस्तक घेऊन आला. त्याने पान उघडून दाखवलं तेव्हा डीएम माझ्याकडे बघून म्हणाला, मग हा इतके दिवस कोण खेळत होता?

तर सांगायचं काय, माझ्या टेबलावर मी जुन्या पायऱ्याच ठेवतो. अनडेड झाला की रेज डेड बंद, सातव्या लेव्हलचा रिझरेक्शन आणा. नेक्रोमॅन्सरने प्रेत पळवलं याला काहीतरी वजन पाहिजे ना राव, नाहीतर झॉम्बी काय आणि गोणीतलं प्रेत काय.


खडूस_डीएम:

वजन पाहिजे तर आधी सांगा. खेळाडूंनी प्लॅन केल्यावर, दोन दिवस चालल्यावर, वॉटरडीपच्या वेशीवर आठवण झाली म्हणून नियम बदलला तर तो नियम नाही, ती दादागिरी. रिझरेक्शनला तेराव्या लेव्हलची क्लेरिक लागते, ह्यांची नवव्यावर आहे. म्हणजे तुम्ही त्याला 'नाही'च म्हणताय, फक्त लांबून.


जुनी_पोथी:

वॉटरडीपमध्ये देवळं काय कमी आहेत का? पैसे मोजा, काम करा, एखाद्या मोठ्या पुजाऱ्याचं देणं डोक्यावर घ्या. तेच तर कॅम्पेन.


कोकणी_एल्फ:

२०२४ च्या पुस्तकाचा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून मी काढते. नवीन रेज डेडमध्ये वाक्य बदललंय, आता अट अशी आहे की तो जीव मेला तेव्हा अनडेड नसावा. वकील हे वाचून आला असेल तर त्याला वाटणार केस जिंकली. पण थांबा, मेला तेव्हा म्हणजे कोण मेला तेव्हा? धोंडू मेला तेव्हा तो माणूसच होता की, चिखलात, तीन डेथ सेव्ह फेल करून. नंतर पडला तो झॉम्बी. एकाच शरीराची दोन मरणं झाली, तुम्ही कुठलं धरता त्यावर सगळं आलं. आमच्या ग्रुपवर यावर मतदान घेतलं तर तीन-तीन, आणि डीएमनेच मत दिलं नाही. तेव्हा नवीन पुस्तक घेऊन प्रश्न सुटेल या आशेने वर्गणी काढू नका.

माझं मत विचाराल तर धोंडूचं मरण धरावं, कारण स्पेल आत्म्याला बोलावतो, आणि आत्मा एकदाच गेला.

मुंडक्याचं मात्र जपून. जगायला लागणारा अवयवच नसेल, उदाहरण म्हणून पुस्तकात डोकंच दिलंय, तर रेज डेड आपोआप फेल. डोकं आहे पण वेगळं आहे, तर? प्राणघातक जखमा स्पेल बुजवतो, गेलेला अवयव परत देत नाही. मी असते तर म्हटलं असतं मानेला लावून ठेवा, जखम समजून बुजेल. तासाभराचा स्पेल आहे, तेवढा वेळ कोणीतरी धरून बसायचं. बार्बेरियनलाच बसवा, त्यानेच उडवलंय.


वीसमुखी_फासा:

मुंडकं आहे, दुसऱ्या गोणीत, कांद्यांबरोबर. (माझी आयडिया नाही.)

एल्फताई, दोन मरणांचा मुद्दा भारी आहे, वकिलाला हाच ऐकवतो. पण आत्म्याचं कोणी सांगा ना, ते राहिलंच.


नेव्हरविंटरची_सून:

आत्म्याचं मी सांगते, बसा.

आधी झॉम्बीचं. अॅनिमेट डेडचं वर्णन नीट वाचलं तर कळेल की तो स्पेल आत्मा परत आणत नाही, प्रेतात जिवंतपणाची नुसती ओंगळ नक्कल भरतो. आपण लहानपणी विक्रम-वेताळाच्या गोष्टी ऐकल्यात त्यात कसं प्रेत एकाचं आणि आत बसलेला वेताळ दुसराच, प्रेताचा मूळ मालक केव्हाच निघून गेलेला. झॉम्बी त्याहून दरिद्री, आत गोष्ट सांगणारंसुद्धा कोणी नाही. हुकूम केला तेवढं करतो, आणि २४ तासांत नेक्रोमॅन्सरने स्पेल परत मारला नाही तर हुकूमही ऐकत नाही, दिसेल त्याच्या अंगावर जातो. त्यामुळे धोंडूला त्या दिवसांच्या आठवणी देऊ नका, तो तिथे नव्हताच.

मग होता कुठे? फ्यूग प्लेनवर. रेल्म्समध्ये मेलेला प्रत्येक जण आधी तिथेच जातो, सपाट, राखाडी, काही म्हणजे काही नसलेली जागा, आणि तिथे वाट बघत उभं राहायचं की आपल्या देवाचा दूत येऊन आपल्याला कधी घेऊन जातो. बसस्टँडच समजा. तिथे डेव्हिल लोक येऊन दलाली करतात, आमच्याकडे सही कर, तुला इथून सोडवतो, आणि हे बेकायदा नाही, त्यांना परवानगी आहे. डेमन परवानगी वगैरे मागत नाहीत, धाडी घालून पळवून नेतात. हे सगळं ज्याच्या राज्यात चालतं तो केलेमव्होर, मेलेल्यांचा न्यायाधीश. तो स्वतः आधी माणूस होता, तलवार चालवणारा भाडोत्री, म्हणजे धोंडूच्याच धंद्यातला. त्याच्या आधी सिरिक, त्याच्या आधी मायर्कुल, आणि त्याच्याही आधी म्हातारा जर्गल, जो कंटाळून आपलं सगळं खातं बेन, भाल आणि मायर्कुल या तिघांत वाटून मोकळा झाला आणि आता तिथेच नोंदी लिहीत बसतो. देवपद सोडून कारकुनी पत्करणारा देव मला फार आवडतो.

म्हणजे तुम्हाला आठवणी द्यायच्याच असतील तर त्या बसस्टँडच्या द्या. सात दिवस उभा आहे, कोणी घ्यायला आलं नाही, एक डेव्हिल तीनदा येऊन विचारून गेला. झॉम्बीच्या आठवणींपेक्षा हे जास्त चावेल.

आणि दहा दिवसांचं एक गंमत म्हणून. फेरूनमध्ये (सोर्ड कोस्ट ज्या खंडात आहे तिथे) सात दिवसांचा आठवडा नसतोच, दहा दिवसांचा 'टेनडे' असतो, महिना ३० दिवसांचा, त्यात तीन टेनडे, असे १२ महिने आणि वर पाच सणाचे दिवस. म्हणजे रेज डेडची मुदत तिथल्या लोकांसाठी बरोब्बर एक टेनडे. आणि आपल्याकडे? दहावा! दहाव्याला नदीवर पिंड ठेवून कावळा शिवायची वाट बघायची, नाही शिवला तर म्हणायचं काहीतरी इच्छा राहिलीय. मी आमच्या कॅम्पेनमध्ये हे सरळ उचललं, क्लेरिक रेज डेड मारायच्या आधी भात ठेवते, कावळा आला तर आत्मा यायला तयार नाही, पुढे जायचंय त्याला. नाही आला तर इच्छा आहे, मारा स्पेल. टेबलावर आपले सगळे मराठी, कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही, सगळे गप्प बसून माझ्या फाशाकडे बघत होते.

एक विचारायचं राहिलं. धोंडू कुठल्या देवाचा?


वीसमुखी_फासा:

कावळा ढापतोय, आधीच सांगतो.

देव... शीट बघितली, रकाना कोरा. म्हणजे त्याने भरलाच नाही, फायटरला काय करायचाय देव म्हणून. आता हा फेथलेस वगैरे धरून भिंतीत जाणार का? ते वॉल ऑफ द फेथलेसचं अर्धवट ऐकलंय.


नेव्हरविंटरची_सून:

नाही हो, तेवढ्यावरून कोणी भिंतीत जात नाही.

ती भिंत मायर्कुलची कल्पना, ज्यांनी आयुष्यभर देवांना नाकारलं त्यांचे आत्मे विटांसारखे लिंपायचे आणि ते हळूहळू विरघळून भिंतच होतात. यावर खेळणाऱ्यांची इतकी वर्षं भांडणं चाललीत की विचारू नका, चांगला माणूस केवळ देव मानत नाही म्हणून त्याची वीट, हे कुठल्या चांगल्या देवाला चालतं? केलेमव्होरने सुरुवातीला माणूस कसा वागला ते बघून न्याय द्यायला घेतलं होतं तर इतर देव बोंबलले, लोक भक्ती सोडायला लागले म्हणे, आणि त्याला परत कोरडं व्हावं लागलं. २०१५ च्या सोर्ड कोस्टच्या पुस्तकात भिंतीबद्दल एक वाक्य होतं, कंपनीने नंतर इराटा (दुरुस्तीपत्रक) काढून ते वाक्यच गाळून टाकलं. आता तुमच्या टेबलावर भिंत आहे की नाही ते तुम्ही ठरवा.

पण कोरा रकाना म्हणजे नास्तिक नव्हे. रेल्म्सचा साधा माणूस एकच देव धरून बसत नाही, वेळेप्रमाणे सगळ्यांना हात जोडतो, अगदी आपल्यासारखाच. कोळी बोट काढायच्या आधी अंबरलीला काहीतरी वाहणार, प्रेमाने नाही, भीतीने. साथ आली की तालोनाला, जशी आपल्याकडे मरीआई. शेत पेरताना चाँटिया. धोंडू लढाईच्या आधी कधी 'टेंपसा, सांभाळ रे' असं काही म्हणाला होता का? एकदा जरी म्हणाला असेल ना, तर टेंपसचा माणूस येईल त्याला घ्यायला. उशिरा येईल, पण येईल.


वीसमुखी_फासा:

तो प्रत्येक अटॅक रोलच्या आधी 'गणपती बाप्पा मोरया' म्हणतो.


उकडीचा_ऑर्क:

मग केलेमव्होरकडे फाइल अडकणार. 'सदर देवता आमच्या यादीत नाही, कृपया संबंधित खात्याकडे जावे.' जर्गल शिक्का मारून परत पाठवेल.


झाडावरचा_ड्रुइड:

मी उशिरा आलो, पण सगळे रेज डेडवरच अडून का बसलेत? रीइनकार्नेट बघा. तोही पाचव्या लेव्हलचा, तोही दहा दिवसांच्या आत, हिरा नको, १००० गोल्डची दुर्मिळ तेलं आणि लेप लागतात. २०१४ च्या शब्दांत मेलेला ह्यूमनॉइड (माणसासारखा जीव) किंवा त्याचा एखादा तुकडा चालतो. तुकडा! म्हणजे झॉम्बी व्हायच्या आधीचं काही, त्या मारामारीत तुटलेलं बोट, कोणाच्या कुऱ्हाडीला चिकटलेलं काही असेल, तर अनडेडची भानगडच नाही. नवीन शरीर तयार होतं आणि आत्मा त्यात येतो, वासांसि जीर्णानि वगैरे. मुंडकं धरून बसायला नको.

रिस्क एवढीच की शरीर कुठलं ते डी-हंड्रेड ठरवतो. माणूस निघायचे चान्सेस शंभरात २०. ड्राउ (डार्क एल्फ) निघायचे ४, आणि आमच्याकडे तेच निघालं, ड्राउंचा द्वेष करणारा ड्वॉर्फ रेंजर ड्राउ होऊन उठला. प्लेयर दोन सेशन बोलला नाही माझ्याशी. नंतर म्हणाला हेच कॅरेक्टर आयुष्यात सगळ्यात भारी खेळलो.


वीसमुखी_फासा:

ड्रुइडभाऊ, पार्टीत ड्रुइड नाही, आणि तुकड्याचं ह्यांना सांगितलं तर पुढच्या प्रत्येक मारामारीआधी एकमेकांची बोटं कापून डबीत ठेवतील, मी ओळखतो ना ह्यांना.

बरं एक डोक्यात आलं. क्लेरिक आधी स्पीक विथ डेड मारून धोंडूलाच विचारेल, येतोस का बाबा परत? आत्मा तयार असणं अट आहे ना. तोंड शाबूत आहे.


कोकणी_एल्फ:

तोंड शाबूत असून उपयोग नाही. स्पीक विथ डेडमध्ये आत्मा येतच नाही, शरीरात उरलेल्या ओळखीला पाच प्रश्न विचारता येतात, जिवंतपणी जे माहीत होतं तेवढंच सांगतं, तेही त्रोटक आणि कोड्यात, खरंच बोललं पाहिजे असंही बंधन नाही. यायचंय का हे त्याला विचारणं म्हणजे माणूस घर सोडून गेल्यावर दाराला विचारणं.

पण डीएमच्या पुस्तकात एक बारीक नियम आहे जो फार कमी लोक वापरतात. उठवणारा कोण आहे, त्याचं नाव, अलाइनमेंट (चांगला की वाईट वृत्तीचा) आणि त्याचा देव, हे आत्म्याला कळतं, आणि त्यावरून तो नाही म्हणू शकतो. तुमची क्लेरिक कोणाची?


वीसमुखी_फासा:

लॅथांडरची. पहाटेचा देव, अनडेडवर दात खाऊन असतो. म्हणजे तिकडून आवाज येणार, मी अमुक, लॅथांडरची, चल. नाही म्हणायला कारण नाही.


खडूस_डीएम:

इतका वेळ सगळे आत्मा तयार आहे का, आत्मा तयार आहे का करताय. आत्मा टोरांटोत बसलाय. त्याला कोणी विचारलं का?


वीसमुखी_फासा:

...

नाही विचारलं. थांबा.


वीसमुखी_फासा:

विचारलं. आत्ता रिप्लाय आला, तिकडे रात्रीचे दोन वाजलेत आणि हा जागा आहे.

म्हणतो, मी झॉम्बी होऊन समोर आलो ना त्याच रात्री नवीन कॅरेक्टर लिहिलं, तुम्ही दीड तास भांडत होतात तेव्हा मी कॅमेरा बंद करून शीट भरत होतो. हाफलिंग (बुटक्या जमातीचा) रोग, म्हणजे rogue, चोर आहे, नाव बाळू, त्याच नेक्रोमॅन्सरच्या तळघरात कैदी होता, आणि धोंडूचं प्रेत उठताना त्याने डोळ्यांनी बघितलंय. चार पानी बॅकस्टोरी पाठवलीय, धोंडूने आयुष्यात चार ओळी लिहिल्या नव्हत्या. आणि देवाचा रकाना भरलाय, केलेमव्होर. मी म्हटलं अरे मग शनिवारी आधीच सांगायचं ना, तर म्हणतो क्लेरिक इतकं जीव तोडून भांडत होती माझ्यासाठी, मला कसं तरी वाटलं तिला थांबवायला.

तर धोंडू येणार नाही. पण मी हे बाकीच्यांना सांगणार नाहीये. ते वॉटरडीपला जातील, हिरा घेतील, पहाटे लॅथांडरच्या देवळात बार्बेरियन मुंडकं धरून बसेल, क्लेरिक तासभर स्पेल म्हणेल, मी भात ठेवायला लावीन, आणि कावळा येईल.


नेव्हरविंटरची_सून:

मला आत्ताच गलबलून आलं. बाळूला त्या वेळी देवळाच्या पायरीवर बसवा.


जुनी_पोथी:

मानलं. उणे चार, हिरे, पायऱ्या, सगळं राहू दे बाजूला, हे करा. आणि सोमवारी इथे येऊन लिहा काय झालं ते.


उकडीचा_ऑर्क:

सगळं ठीक आहे पण आत्मा नाही म्हणाला तर ५०० चा हिरा परत मिळतो का?


खडूस_डीएम:

नाही. स्पेल मारला, हिरा गेला.


वीसमुखी_फासा:

वकिलाला हे पटणार नाही.